झाडून टाकलेली वाट

मित्रांनो, मला हात लावण्याआधी एक ऐकून घ्या. मी जुनी आहे, काळी आहे आणि माझ्या पोटात राख आहे. मी मातीची धूपदाणी. मला तीन पाय आहेत, त्यातला एक आखूड, म्हणून ठेवाल तिथे मी जराशी डुगडुगते. कोणी मला फुलदाणी समजतं. एका पाहुण्याने तर माझ्यात सिगारेट विझवली होती! तेव्हा मी काही बोलले नाही, पण विसरलेही नाही.

माझा जन्म मेक्सिकोतला, एका तळ्याकाठच्या गावातला. तिथल्या एका कुंभारणीने मला हातांनी घडवलं, उन्हात वाळवलं आणि भट्टीत भाजलं. तिच्या अंगठ्याचा ठसा अजून माझ्या कानाखाली आहे. मला विकत घेतलं सोकोरो नावाच्या एका तरुण बाईने. ती हसत नव्हती, घासाघीस करत नव्हती. तिने मला छातीशी धरलं आणि घरी नेलं. घरात पांढऱ्या चादरीवर तिचा मुलगा झोपवलेला होता.

त्याचं नाव बेतो. सहा वर्षांचा. सकाळी तळ्यावर खेळायला गेला आणि दुपारी लोकांनी त्याला पाण्यातून उचलून आणलं. त्याच्या डाव्या पायाची करंगळी आधीच बैलगाडीच्या चाकाखाली जाऊन तुटली होती, म्हणून त्या पायाला चारच बोटं होती. ते पाऊल मी अगदी जवळून पाहिलं, कारण मला त्याच्या पायांशीच ठेवलं होतं. माझ्यात निखारे घातले, निखाऱ्यांवर कोपाल टाकला. कोपाल म्हणजे झाडाचा वाळलेला चीक. तुमच्या घरी ऊद जाळतात ना, त्याचा चुलत भाऊ म्हणा. माझ्या आयुष्यातला पहिला धूर त्या मुलासाठी निघाला.

आणि एक गुपित सांगते. मला डोळे नाहीत. माझा धूर जिथे जातो, तिथलं मला दिसतं. दाराच्या फटीतून, जिन्यावरून, बंद खोलीत. त्यामुळे जे माणसांना दिसत नाही तेही कधी कधी दिसतं.

पुढे सोकोरोचा नवरा कामासाठी शिकागोला आला. तिने भांडीकुंडी बहिणीला देऊन टाकली, पण मला घोंगडीत गुंडाळून स्वतःच्या मांडीवर ठेवून आणलं. वर्षं गेली, नवरा वारला, सोकोरो म्हातारी झाली. सगळे तिला दोन्या सोकोरो म्हणू लागले. आपण ‘बाई’ म्हणतो ना मानाने, तसं ते दोन्या. डेव्हन ॲव्हेन्यूजवळच्या एका गल्लीत तिचं दुमजली विटांचं घर होतं. खाली ती, वरचा मजला भाड्याने.

आमच्याकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलेली माणसं घरी येतात. अरे, लगेच पांघरूण ओढू नका! ती घाबरवायला येत नाहीत, जेवायला येतात. आधी येतात लहान मुलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी ती निघतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला परत जातात. मोठी माणसं त्यांच्यानंतर. त्यांच्यासाठी मेजावर मांडामांड करायची: फोटो, मेणबत्ती, कपाळावर नाव लिहिलेली साखरेची कवटी, हाडांची नक्षी असलेला गोड पाव, कातरलेले रंगीत कागद. पाण्याचा पेला तर हवाच, कारण लांबून आल्यावर तहान लागते. मुलांसाठी खेळणं ठेवायचं आणि तिखट काही ठेवायचं नाही. ती अन्न खात नाहीत, त्यातली चव घेऊन जातात. मागाहून तो पाव खाल्ला तर भुसा चघळल्यासारखा लागतो.

पण घर सापडायचं कसं? त्यासाठी झेंडू. रस्त्यापासून मेजापर्यंत पाकळ्यांची वाट घालायची. तो रंग आणि तो वास त्यांना कळतो. बेतो त्याच वाटेने दरवर्षी शिकागोपर्यंत येत असे. मेलेल्यांना व्हिसा लागत नाही. तो आला की माझा धूर सरळ वर जायचा सोडून त्याच्या फोटोकडे वाकायचा. दोन्या मग एवढंच म्हणायची, “आलास, बाळा.” या एका वाक्यासाठी ती वर्ष काढायची.

शहाऐंशी साली वरच्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहायला आलं. गिरीश इंजिनियर, त्याची बायको सुमेधा आणि आठ वर्षांची कांचन. माणसं चांगली. सुमेधा दोन्याला ‘सोकोरोबाई’ म्हणायची, दोघी मोडक्या इंग्रजीत तासन् तास बोलायच्या. फक्त मला त्या घरातलं एक खटकायचं. जेवायला बसताना सुमेधा चार ताटं काढायची आणि मग गुपचूप एक परत ठेवून द्यायची.

माझ्या धुराने जिना चढून पाहिलं तेव्हा मला कळलं. पलंगाखाली एक सुटकेस होती आणि तिच्यात एका लहान मुलाचे फोटो पालथे घालून ठेवले होते. कांचनचा धाकटा भाऊ नंदू. दोन वर्षांपूर्वी ताप मेंदूत गेला आणि चार दिवसांत पोर गेलं. तेव्हापासून गिरीशने ठरवलं होतं, घरात त्याचा विषय नको. सुमेधाने नागपूरच्या गुरुजींना फोन करून विचारलं होतं, “त्याचं श्राद्ध कधी करायचं?” गुरुजी म्हणाले, “मुंज न झालेल्या मुलाचं श्राद्ध नसतं, वहिनी.” म्हणजे त्याच्यासाठी दिवसच नाही.

त्या वर्षी दिवाळी आणि आमचे दिवस नेमके एकत्र आले. दोन्याने मागच्या अंगणात झेंडू लावला होता. थंडीने जळू नये म्हणून रोज संध्याकाळी ती त्याच्यावर जुन्या चादरी घालायची. तिने सुमेधाला तोरणासाठी टोपलीभर फुलं दिली. उरलेल्यांच्या पाकळ्या करून शुक्रवारी दुपारी तिने वाट घातली: फुटपाथपासून पायऱ्या, पायऱ्यांवरून दोघींच्या सामायिक दारातून आत, आणि डावीकडे वळून स्वतःच्या खोलीत, मेजापर्यंत. गुडघे धरत धरत, वाकून. मग दार उघडंच ठेवून ती बेकरीत पाव आणायला गेली.

आणि सुमेधा खाली उतरली. हातात झाडू.

आता तिचा तरी काय दोष? दिवाळीची संध्याकाळ, लक्ष्मी यायची वेळ आणि दारात हा पसारा! तिला वाटलं, बिचाऱ्या म्हातारीच्या टोपलीतून फुलं सांडली, गुडघे दुखतात म्हणून उचलायची राहिली. “बघ कांचन, सोकोरोबाईंना वाकवत नाही, आपणच करून टाकू,” असं म्हणत तिने फुटपाथपासून थेट दोन्याच्या उंबऱ्यापर्यंत सगळं लख्ख झाडून काढलं. पाकळ्या मात्र टाकवेनात, त्या तिने ताटात भरून घेतल्या. अहो, थांबा! मी ओरडत होते. पण माझ्यात सकाळच्या धुराची एक बारीक रेघच उरली होती; तिला दिसतं, बोलता येत नाही.

मग तिने त्या पाकळ्यांची फुलाफुलांची रांगोळी बाहेरच्या दारात काढली आणि उरलेल्या पाकळ्या जिन्याच्या कडेने वरपर्यंत घातल्या. पायऱ्यांवर पणत्या लावल्या. तांदळाच्या पिठात मूठ बुडवून लक्ष्मीची पावलं उमटवली, दारातून वर, त्यांच्या घरात जाणारी. फार सुंदर दिसत होतं. माझ्या मात्र मातीतून थंडी गेली.

दोन्या मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून आली. तिला पुढचं काही दिसलं नाही. तिने पाव मांडला, पेल्यात पाणी ओतलं, बेतोचा लाकडी भोवरा ठेवला, मेणबत्ती पेटवली आणि माझ्यात कोपाल टाकला. बाहेर पाचलाच अंधार पडला होता. रस्त्यावर हॅलोविनचे मुखवटे घातलेली पोरं किंचाळत धावत होती. त्यांच्या मागून एक जण हळू चालत आला. त्याच्या पायांत काही नव्हतं आणि त्याने मुखवटा घातला नव्हता. तो दारातल्या रांगोळीपाशी थांबला. डावीकडे बघितलं, तिथे नुसती झाडलेली फरशी. वर बघितलं, तिथे दिवे आणि पाकळ्या.

तो वर गेला.

मी त्याचा चेहरा पाहिला असं म्हणणार नाही. माझा धूर त्याच्या मागे जिना चढला तेव्हा मला फक्त पाऊल दिसलं, एका पायरीवर उमटलं, मग पुढच्या. ओलं होतं. पणत्या एकेक करून जराशा मान वाकवत होत्या.

खाली दोन्या फोटोपुढे बसून होती. धूर दाराबाहेर जात होता, फोटोकडे वळत नव्हता. ती मला सारखी सरकवत होती, खिडकी लावून बघत होती. “वारा असेल,” ती पुटपुटली. वारा नव्हता.

वर कांचनने आधी पाहिलं. “आई, कम हिअर! लक्ष्मीच्या पावलांना अशी बोटं असतात का?”

मुठीने काढलेल्या गोल गोल पावलांच्या मधून लहान मुलाची खरीखुरी पावलं आत आली होती. पीठ ओलं होऊन चिकटलं होतं. ती सोफ्यापर्यंत गेली होती आणि सोफ्याजवळून परत फिरलेली नव्हती.

“कांचन, तूच खेळलीस ना?” गिरीशने विचारलं.

“नो बाबा. मी सॉक्स घातलेत. आणि माझा पाय मोठाय.” मग ती हळूच म्हणाली, “नंदूचा एवढा होता.”

दोन वर्षांत पहिल्यांदा ते नाव त्या घरात निघालं. गिरीश म्हणाला, “प्लीज, तो टॉपिक आपण बंद केलाय ना?” आणि पुसायला फडकं आणलं. सुमेधाने त्याच्या हातातून फडकं ओढून घेतलं. “हात लावायचा नाही!” ती अशी ओरडली की खाली दोन्यानेही मान वर केली. मग तिने ताटलीत बेसनाचा लाडू आणला, सोफ्यावर ठेवला आणि पावलांशेजारी जमिनीवर बसली. रिकाम्या सोफ्याकडे बघून ती हसत होती. ते हसू बघून मला त्या पावलांपेक्षा जास्त भीती वाटली, खरं सांगते.

शनिवारी अकराच्या सुमारास कांचन फराळाचं ताट घेऊन खाली आली. दोन्याचे डोळे सुजले होते. मेजावरच्या पावाचा तुकडा मोडून तिने चाखला होता आणि तो चवदार लागत होता. म्हणजे कोणी आलंच नव्हतं.

“तो मला विसरला,” ती म्हणाली. “बारा वाजले की मुलं जातात. ज्याला आईचं दार सापडत नाही, तो रडत जातो.”

कांचन गोंधळली. “कोण? पण आमच्याकडे रात्री कोणीतरी आलंय. आई म्हणते नंदू आहे. आणि मी सोफ्यावरचा लाडू खाल्ला ना, तर तो कशासारखाच लागला नाही! इट टेस्ट्स लाइक नथिंग.”

दोन्या उठली. तिने मला पेटलेलीच उचललं, आणि ते गुडघे घेऊन जिना चढली.

वर सुमेधा तशीच बसलेली. केसही विंचरले नव्हते. दोन्याने मला जमिनीवर ठेवलं आणि वाकून पिठातलं पाऊल पाहिलं. उजवं पाहिलं. मग डावं. बोटांवर बोट ठेवत तिने मोजलं. एक, दोन, तीन, चार. तिच्या तोंडातून असा आवाज निघाला की गिरीश आतून धावत आला.

“बेतो,” ती म्हणाली. “माझा बेतो. ही करंगळी नाही बघ. मी फुलांची वाट घातली होती, माझ्या दारापर्यंत. कुठे गेली?”

सुमेधाने झाडूकडे पाहिलं. सगळं तिच्या लक्षात आलं. “मी झाडली,” ती म्हणाली. “मला वाटलं सांडलीत.” आणि मग तिने दोन्याचा हात घट्ट धरला. “सोकोरोबाई, थोडा वेळ राहू दे ना त्याला. फक्त थोडा वेळ. माझ्याकडे कोणी येत नाही हो.”

मित्रांनो, मी पुष्कळ शोक पाहिलेत, पण असं मागणं कधी ऐकलं नव्हतं. दोन्याने हात सोडवून घेतला नाही. रागावलीही नाही. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजत आले होते. तरी ती म्हणाली, “तू ठरव. वाट तुझ्या दारात आहे.”

सोफ्याजवळची पणती विझायला आली. पिठात आणखी एक पाऊल उमटलं, दाराकडे तोंड केलेलं. मग दुसरं. मग थांबलं. पोर घाबरलं होतं, त्याला रस्ता ठाऊक नव्हता.

सुमेधाने ते पाहिलं, आणि आई होती ती शेवटी. उठली. बाहेर जाऊन रांगोळीतल्या पाकळ्या ओच्यात भरून आणल्या. सोफ्यापासून सुरुवात करून ती उलटी चालत निघाली, त्याच्याकडे तोंड करून, ओंजळीने पाकळ्या टाकत. “ये राजा,” ती मराठीतच म्हणत होती. “सावकाश ये. इथे पायरी आहे हं. पणतीला पाय लावू नकोस, भाजेल. खाली आई वाट बघतेय तुझी. ये.” ती रडत होती, पण आवाज एकदाही हलू दिला नाही. प्रत्येक पायरीवर तिच्या पाकळ्या पडायच्या आणि मग त्यातली एखादी दबायची.

दोन्याच्या उंबऱ्याशी तिच्या ओच्यातल्या पाकळ्या संपल्या. तेव्हा कांचनने दारावरचं तोरण ओरबाडून आणलं. दिवाळीचं तोरण, ऐन दिवशी! गिरीश बघत राहिला, पण अडवलं नाही. मला पुन्हा मेजावर ठेवलं. धूर सरळ वर गेला, जरासा अडला, आणि फोटोकडे वाकला. पेल्यातलं पाणी हललं. लाकडी भोवरा मेजावरून घरंगळला.

“आलास, बाळा,” दोन्या म्हणाली, आणि खुर्चीत कोसळून हमसून हमसून रडली.

सुमेधा परत वळत होती. दोन्याने तिचा पदर धरला. “आणि तुझा?”

“आमच्यात लहान मुलांना दिवस नसतो.”

“आमच्यात असतो. आज. अजून बारा वाजले नाहीत. पण तू त्याला बोलावलंस कधी? फोटो नाही, पाणी नाही, नाव नाही. तो कुठल्या दारात येणार?”

कोणी काही बोलायच्या आत जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. ती जिवंत माणसाची होती. गिरीश वर धावला होता. पलंगाखालची सुटकेस ओढल्याचा आवाज आला. तो खाली आला तेव्हा त्याच्या हातात नंदूचा फोटो होता, लाल स्वेटरमधला. त्याने तो बेतोच्या शेजारी ठेवला आणि ठेवलेला हात काढेना. “नंदू,” तो म्हणाला. “ए नंद्या. ये रे.” दोन वर्षं आवळून धरलेला बाप तिथे फुटला.

कांचनने पाण्याचा दुसरा पेला आणला. माझ्या धुराची एकच रेघ होती. ती मधोमध फाटली आणि दोन झाल्या. दोन्ही वाकल्या. कुठूनतरी दोन मुलांच्या धावण्याचा आवाज आला, खोलीभर, मेजाखालून. मग घड्याळाचे ठोके पडले आणि खोली एकदम मोकळी झाली. दोन्ही पेले निम्मे रिकामे होते.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात दोन्या गेली. जाताना तिने मला सुमेधाच्या हातात दिलं. घर विकलं गेलं, गिरीशला दूर पूर्वेकडे एडिसन गावाजवळ नोकरी लागली आणि मी एका खोक्यात बंद होऊन बेसमेंटमध्ये गेले. नवं घर, नवी शाळा, सगळे घाईत. त्या वर्षी मला बाहेर काढायचं राहून गेलं. मी राग मानला नाही. पण नोव्हेंबरच्या पहिल्या सकाळी खोक्यावर कोणीतरी बाहेरून हात फिरवत होतं. लहान हात. आधी एक जोडी, मग दुसरी, आणि बारा वाजून गेल्यावर एक खरबरीत, म्हातारा हात. बराच वेळ तो चाचपत राहिला. मग कोणीतरी हुंदका दिला आणि गेलं.

पुढच्या वर्षी कांचनने खोका शोधला तेव्हा त्यावरच्या धुळीत बोटांच्या रेघा होत्या. ती अकरा वर्षांची झाली होती, आणि तिने आईला हाक मारली नाही. मला उचललं, पुसलं, आणि आधी अंगणात जाऊन झेंडू खुडले. आता तिसरा फोटोही असतो, दोन्याचा. तिच्यासमोर बेसनाचा लाडू ठेवतात, तिला आवडायचा.

तर मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माती आहे, एक दिवस फुटेन. तुमच्या घरात कोणाचा फोटो पालथा असेल तर तेवढा सुलटा करा. त्याचं नाव जेवताना एकदा मोठ्याने घ्या. आणि कधी सकाळी दारात पाकळ्या सांडलेल्या दिसल्या, तर झाडू घेण्याआधी खाली वाकून बघा. एखादं ओलं पाऊल असेल. बोटं मोजा. चार असोत की पाच, आधी त्याला त्याच्या आईपर्यंत पोचवा, मग दार झाडा.